दाऊद मिस्त्रीची नळी आणि तिसरी बरणी

लिहिणार : यशवंत गोविंद, लोकांत नाना, धंदा अर्जलेखन, वय पन्नाशीच्या अलीकडे, शिक्षण मराठी पाचवीपर्यंत व पुढील सर्व स्वकष्टाने.

वादी : खंडू विठोबा, राहणार चाकण, धंदा शेती व भाड्याची मोटार.

प्रतिवादी : दाऊद इमाम, मोटार मिस्त्री, दुकान मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, दापोडी व चिंचवड यांच्या दरम्यान. गावाचे नाव पंचायतीच्या अब्रूखातर गाळले आहे.

साक्षीदार : एक, गावचे पोलीस पाटील. दोन, चंद्रभागाबाई, वादीच्या सासू, ज्या घटनेच्या वेळी मोटारीत मागे बसल्या होत्या.

घटनेचा काळ : पाडवा उलटल्यानंतरचा शनिवार, म्हणजे चाकणच्या बाजाराचा दिवस, भर दुपार.

घटनास्थळ : चाकणहून येताना मोशीच्या पुलाअलीकडे.

मुद्देमाल : रबरी नळीचा बोटभर लांबीचा तुकडा, एका अंगाने जळका.

वरीलप्रमाणे मांडणी केल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "धंद्यातील अनुभव मोकळेपणाने लिहावा" असे कळविले आहे. परंतु मोकळेपणाने लिहिलेला कागद कोणत्याही कचेरीत टिकत नाही, हे मी गेली कित्येक वर्षे चावडीच्या ओट्यावर बसून पाहत आलो आहे. तेव्हा मी माझ्या रीतीनेच लिहितो.

अर्ज लिहिणारा माणूस सुबक अक्षर विकतो, असा लोकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. माणूस येतो तो रडत येतो किंवा ओरडत येतो. त्याच्या बोलण्यातून कोण, कुठे, केव्हा, कोणासमोर आणि मागणे काय, असे पाच खिळे उपसून काढावे लागतात आणि त्यांवर कागद ठोकावा लागतो. यातला पाचवा खिळा सर्वांत खोल रुतलेला असतो. थेरगावचा एक शेतकरी शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार लिहवायला आला. कोंबडा अवेळी आरवतो, झोपमोड होते, पिसे उडून तुळशीत पडतात, असे त्याने पुष्कळ सांगितले. मी विचारले, "मागणे काय?" बऱ्याच वेळाने निघाले ते असे, की कोंबडा मुळात त्याचाच. रागाच्या भरात त्याने तो विकला होता आणि आता त्याचे आरवणे पलीकडच्या अंगणातून ऐकू आले की त्याला करमत नव्हते. मी तक्रारीऐवजी शेजाऱ्याला विनंतीपत्र लिहून दिले आणि कोंबडा घरी आला. अशा कामाला शाळेतील शिक्षण पुरत नाही.

आमच्या धंद्याची आणखी एक रीत बाहेरच्या लोकांना विचित्र वाटते. तक्रारही मीच लिहितो आणि तिला दिलेला जबाबही मीच लिहितो. गावात दुसरा अर्जलेखक नाही. वैद्य जसा भांडणाऱ्या दोन्ही भावांना काढा देतो तसेच हे आहे. मात्र एका बाजूचे कानी आलेले मी दुसऱ्या बाजूला कधीही सांगत नाही. खंडूशेठ आणि दाऊद मिस्त्री यांच्या प्रकरणात ही रीत मी पाळली, आणि म्हणूनच जे घडले ते दोन्ही बाजूंनी पाहण्याचे भाग्य मला लाभले.

खंडूशेठची मोटार लढाईपूर्वीची, विलायती बनावटीची, उघड्या टपाची होती. कोणी साहेब देश सोडून जाताना ती विकून गेला. पुढे चार हात फिरून ती चाकणला आली. चाकणपासून चिंचवड स्टेशनापर्यंत ती भाड्याने चालत असे. नवरी, दुखणाईत, कांद्याचा व्यापारी, गावी आलेला पाहुणा, सर्वांना ती एकच मोटार. तिची घसट दाऊद मिस्त्रीच्या दुकानाशी, कारण त्या काळी जुन्या विलायती मोटारींत हात घालणारा आमच्या भागात दुसरा कोणी नव्हता.

दाऊद मिस्त्रीचे दुकान म्हणजे पंचायतीच्या जागेवर उभे केलेले पत्र्याचे छप्पर. इसम उंच, सडपातळ, डोक्याला रुमाल आणि जिभेला धार. गिऱ्हाईकाचे ऐकून घेण्याची त्यास सवय नव्हती. मोटार दुकानासमोर येऊन थांबायच्या आतच तो आवाजावरून दुखणे सांगे आणि मालकाने मध्ये तोंड घातले तर म्हणे, "तुम्ही बोलता की मोटारीला बोलू देता?" अनेक मोठी माणसे यावर रागावून निघून जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

आता नळीचे प्रकरण काय, ते मोटार न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगतो. अशा मोटारीत पेट्रोलची टाकी मागे असते आणि इंजिन पुढे. टाकीपासून पुढेपर्यंत तांब्याची बारीक नळी येते. परंतु इंजिन चालू झाले की थरथरते आणि सांगाडा स्थिर राहतो. तांबे त्या थरथरीने तडकते. म्हणून शेवटचा वीतभर भाग रबरी नळीचा असतो. माणसाच्या मानेसारखे तिचे काम. डोके हलले पाहिजे, धड जागेवर राहिले पाहिजे आणि मधले काही सांडता कामा नये. मोटारीची मूळ नळी वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने लाकडासारखी कडक होऊन तिला भेगा पडल्या होत्या. पेट्रोलचा वास येऊ लागला, तेव्हा खंडूशेठ मोटार घेऊन मिस्त्रीकडे आला. त्या दिवशी मी तिथे माझ्या सायकलीचे ब्रेक दुरुस्त करून घेत होतो. त्यामुळे पुढील बोलणे माझ्या कानांनी ऐकलेले आहे.

खंडूशेठने मोटारीतून रबराचे एक भेंडोळे काढले आणि अभिमानाने फळीवर टाकले. "मिस्त्री, नळी मी आनलीय. शेतावरच्या इंजनाच्या पंपाची हाय. बघा, मनगटासारखी जाड. दोन उन्हाळे इहिरीवर पडून होती, काय झालं न्हाई तिला."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "खंडूशेठ, तुमची म्हैस पाणी पिते?"

"पिती की."

"तिला रॉकेल पाजा."

"काय बोलताय राव!"

"मग पाण्याच्या नळीला पेट्रोल कशाला पाजता? पोट वेगळं असतं त्याचं."

खंडूशेठ हटणारा नव्हता. "जाड ते टिकाऊ. एवढं तर आमाला बी कळतं."

"जाड ते टिकाऊ असतं तर रेडा डॉक्टर झाला असता," मिस्त्री म्हणाला आणि त्याने आतून नळ्यांची एक जुडी आणली. मेथीची असावी तशी सुतळीने बांधलेली, सगळ्या तुकड्यांवर सारखेच काळे सुती विणकाम. लष्करी लिलावातून निघालेला माल पुण्याच्या जुन्या बाजारात येई, तिथून त्याने ती घेतली होती.

पुढे त्याने जे केले ते मी लक्षपूर्वक पाहिले. एक तुकडा घेऊन त्याने तो तांब्याच्या नळीवर चढवून पाहिला. तो ओढून बसवावा लागला, यावर त्याने समाधानाने मान हलविली. सैल बसणारी नळी पट्टीने आवळून घट्ट करणारा मिस्त्री आळशी, असे त्याचे मत. मग त्याने तुकडा वाकवला आणि आतले भोक चपटे होत नाही, हे डोळ्याशी धरून पाहिले. कारण दबलेल्या नळीतून पेट्रोल पोहोचत नाही आणि मोटार चढावर धापा टाकते. मग इंजिनात हात घालून, धुराची तापलेली नळी किती जवळ येते ते पाहून, त्याने वाट ठरविली. इतके झाल्यावरही त्याने तुकडा लावला नाही. त्याच्या टोकाची एक चकती कापून त्याने पेट्रोल भरलेल्या काचेच्या बरणीत टाकली आणि झाकण लावले.

"उद्या या," तो म्हणाला.

"उद्या? आरं, नळी हातात हाय की!"

"हातात आहे. पेट्रोलात कशी राहते ते उद्या कळेल. साधं रबर पेट्रोल पितं, फुगतं, मऊ होतं. आतला पापुद्रा सुटतो. लढाईच्या वेळी निघालेलं रबर वेगळं, ते पेट्रोलला दाद देत नाही. पण वरून दोन्ही बहिणी-बहिणी. तोंड बघून ओळखता येत नाही."

दुसऱ्या दिवशी चकती जशीच्या तशी निघाली, असे मला पुढे समजले. चकती कापल्याने तो तुकडा आखूड पडला, म्हणून मिस्त्रीने जुडीतीलच दुसरी नळी खंडूशेठच्या मोटारीला लावली. आमच्या या भागात कांद्याचे पोते एका कडेने उसवतात, चार कांदे चिरून पाहतात आणि गाडीभर मालाचा सौदा करतात. शितावरून भाताची परीक्षा करणे आम्हांला आईच्या दुधाबरोबर मिळालेले आहे. त्यात कोणास काही गैर दिसले नाही. मलाही दिसले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वर लिहिलेला शनिवार उजाडला. खंडूशेठ सासूबाईंना घेऊन स्टेशनाकडे निघाला होता. मोशीचा पूल दिसू लागला आणि इंजिनाच्या झाकणातून ज्वाळ निघाली. खंडूशेठने मोटार रस्त्याच्या कडेला घातली, सासूबाईंना ओढून बाहेर काढले आणि वाटेने जाणाऱ्या बैलगाडीतली पोती नदीत भिजवून आग विझविली. कोणाला इजा झाली नाही. मोटारीचे पुढचे अंग मात्र काळे पडले.

चंद्रभागाबाईंची साक्ष मी पुढे लिहून घेतली ती अशी : "मी जावयाला म्हनलं, वास येतोय. त्यो म्हनला, मोटारीला मोटारीचाच वास यायचा. मग जाळ निगाला. तवा म्हनला, मामी, उतरा. म्या उतरले न्हाई, म्या पडले. एवढं लिवा." मी तसेच लिहिले.

सोमवारी सकाळी खंडूशेठ माझ्या ओट्यावर हजर झाला. "नाना, लिवा. दाऊद मिस्त्रीनं माजी मोटार जाळली. माझी सासू मेली असती तर बायकूनं मला घरात घेतलं नसतं. त्याचं दुकान उठवा."

मागणे पहिल्याच झटक्यात मिळाले, असे क्वचित घडते. परंतु मुद्देमाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तक्रार लिहायची नाही, हा माझा नियम. मी चाकणला जाऊन मोटार पाहिली. नळी जळून गेली होती. फक्त तांब्यावर पट्टीखाली दडलेला बोटभर तुकडा शाबूत होता. तो मी दोघा गावकऱ्यांसमक्ष काढून घेतला, कागदात गुंडाळला आणि लाखेची मोहोर लावली. नंतर तक्रार लिहिली. ती चांगली झाली होती. "सदर इसम सार्वजनिक रस्त्यालगत ज्वालाग्राही धंदा निष्काळजीपणाने चालवितो, सबब पंचायतीने त्यास दिलेली जागा काढून घ्यावी" हे वाक्य सरपंचांनी दोनदा वाचून दाखविले, असे मला सांगण्यात आले.

नोटीस मिळताच मिस्त्री जबाब लिहवायला माझ्याकडेच आला. मी त्याच्यासाठीही मेहनत घेतली. त्याची सचोटी, त्याचा अनुभव, वादीच्या मोटारीचे वय, उन्हाचा कडाका, सर्व काही घातले आणि वाचून दाखविले. तो ऐकत असताना खिळे चावल्यासारखे तोंड करून बसला होता.

"नाना, हे खोडा."

"कोठून कोठपर्यंत?"

"माझ्या नावाखालून तुमच्या सहीपर्यंत. एवढंच लिहा, की नळी पेट्रोलात घालून बघा. पंचांसमोर."

"अहो, पंचायत तुमचा शब्द विचारते आहे. जागा जाईल. रस्त्याशिवाय मोटारीचा धंदा म्हणजे काठाशिवाय घाट."

"माझ्या शब्दाला काय चाटायचंय? मी नळी लावली, शब्द नाही लावला."

मी दुखावलो, हे नमूद करतो. परंतु कागदावर त्याने सांगितले तेवढेच लिहिले. लेखकाने दिलेले अलंकार उतरवून ठेवण्याचा अधिकार पक्षकाराला असतो.

चावडीवर पंच बसले. पंचनामा करण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. काचेच्या दोन बरण्या मांडल्या. पहिल्या बरणीत खंडूशेठच्या पंपाच्या नळीचा तुकडा; त्याचा हट्टच होता, की "माझी लावली असती तर हे झालंच नसतं, ते बी दिसू द्या." दुसऱ्या बरणीत मिस्त्रीच्या दुकानात उरलेल्या त्या जुडीतला एक तुकडा. दोहोंत पेट्रोल ओतले. पोलीस पाटील पुढे झाले. ते दिवस दारूबंदीचे, आणि चावडीत बंद बरण्या ठेवायच्या म्हणजे जबाबदारी त्यांच्यावर. त्यांनी दोन्ही बरण्यांना नाक लावले आणि घोषणा केली, "पेट्रोलच हाय."

"पाटील, चव बघून सांगा," मिस्त्री म्हणाला. "नाकावर कोर्ट विश्वास ठेवत नाही."

सारी चावडी हसली. पाटीलही हसले. मी झाकणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून मोहोर केली आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. आजवर मी विहिरींचे, बांधांचे, फुटलेल्या कौलांचे पंचनामे केले आहेत. रबराचा पंचनामा हा पहिलाच. तो मी त्याच काटेकोरपणाने केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोर तोडली. पहिल्या बरणीतील तुकडा बाहेर काढला तो पाण्यात राहिलेल्या जिलबीसारखा. फुगलेला, लिबलिबीत, आतला थर सुटून भोकात आडवा आलेला. चंद्रभागाबाई मागून म्हणाल्या, "जावई, हीच लावनार हुता न्हवं? मग तर म्या चाकनातच पेटले असते." दुसऱ्या बरणीतील तुकडा मात्र ताठ होता. सरपंचांनी वाकवून पाहिला, पाटलांनी चिमटून पाहिला. काही झालेले नव्हते.

सरपंच मोकळ्या मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, "नाना, लिहा. प्रतिवादीची नळी निर्दोष आढळली. तक्रार निकाली."

मी टाक दौतीत बुडविला. खंडूशेठही उठून मिस्त्रीजवळ गेला आणि म्हणाला, "जाऊ द्या मिस्त्री. मोटारीचंच वय झालंय. डोकं फिरलं हुतं माजं."

सर्व संपले होते. दुकान वाचले होते. अशा वेळी माणूस नमस्कार करून घरी जातो. दाऊद मिस्त्री जागचा हलला नाही. तो त्या ताठ तुकड्याकडे असा बघत होता, जणू तो तुकडा त्याच्याशी खोटे बोलला आहे.

"नाना," तो म्हणाला, "जळलेल्या नळीचा तुकडा तुमच्याकडे आहे ना?"

"आहे. मोहोरबंद आहे."

"तो पण टाका."

सरपंच वैतागले. "अरे, आता कशाला? तो तर दिसायला अगदी असाच आहे. नानांनी वर्णन लिहिलंय."

"सुकलेला आहे म्हणून असा दिसतो. पेट्रोल उडून गेलं की फुगलेलं रबर परत आकसतं. सुकल्यावर सगळ्या नळ्या साव."

खंडूशेठ त्याच्या कानाशी गेला, पण खंडूशेठचे कुजबुजणे वेशीपर्यंत ऐकू जाते. "दाऊदभाई, येड लागलं का? सुटलात न्हवं तुमी!"

"मी सुटलो, खंडूशेठ. मोटार का पेटली ते कुठं सुटलं?" आणि मग तो म्हणाला, "याच जुडीतल्या नळ्या मी आणखी मोटारींना लावल्यात. दापोडीच्या डॉक्टरांची आहे. एक कांद्याची लॉरी आहे. काळेवाडीच्या त्या वरातवाल्याची आहे. त्या आता, या घटकेला, रस्त्यावर पळतायत."

मला त्याचे म्हणणे तेव्हा कळले आणि मी टाक खाली ठेवला. मी मुद्देमालाची मोहोर तोडली. तिसरी बरणी आणली गेली. जळका तुकडा तीत टाकला आणि पुन्हा मोहोर, पुन्हा सह्या. मिस्त्री मात्र थांबला नाही. तो दुकानात गेला आणि जुडीतला उरलेला एकूण एक तुकडा त्याने वेगवेगळ्या डब्यांत बुडवून ठेवला. त्या दिवशी त्याने एकही गिऱ्हाईक घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरी बरणी उघडायला घेतली तेव्हा झाकण काढण्यापूर्वीच काचेतून दिसले. पट्टीखाली दडून वाचलेला तो बोटभर तुकडा अंगठ्यासारखा सुजला होता. काढताना विणकाम माझ्या हातात राहिले आणि रबर चिखलासारखे ओघळले.

मिस्त्रीने तो हातात घेतला, सर्वांना दाखविला आणि स्वतःच बोलला. माझी मान वळेपर्यंत त्याचा जबाब पूर्ण झाला होता. "ही मी निवडली. मी लावली. दुकानातले सगळे तुकडे बघितले, निम्मे असे आणि निम्मे तसे. जुडी एक, माल दोन. भाताचं शीत बघायला हरकत नाही, भात एका भांड्यात शिजलेला असतो. ही जुडी कुणी कुठल्या ढिगातून बांधली ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी शीत बघून सगळा भात वाढला. प्रत्येक नळी तपासायला पाहिजे होती. खंडूशेठची तक्रार खरी आहे. नाना, लिहून घ्या."

"दाऊद," सरपंच हळू म्हणाले, "हे लिहिलं तर पंचायतीला दुसरा मार्ग राहत नाही. समजतंय ना?"

"तुमचा मार्ग तुम्ही बघा साहेब. माझा दापोडीकडून आहे." त्याने माझी सायकल मागितली. मी दिली. ब्रेक त्यानेच दुरुस्त केलेले होते. निकाल ऐकण्यासाठी तो थांबला नाही.

त्याच्या पाठीमागे निकाल झाला : प्रतिवादीने कसूर कबूल केल्याने जागा काढून घेण्यात यावी. तो निकाल माझ्याच अक्षरात आहे. अक्षर सुरेख आहे आणि भाषेत दोष नाही.

संध्याकाळपर्यंत त्याने तिन्ही मोटारी गाठल्या. डॉक्टरांची मोटार दवाखान्यासमोर उभी होती. तिच्या नळीचे टोक त्याने पिळले तेव्हा बोटाला ओलावा लागला. आतून रबर मऊ पडलेले होते. लॉरीची नळी चांगली निघाली. वरातवाला मोटार द्यायलाच तयार नव्हता, तो म्हणाला, "हळदीचा दिवस आहे, उद्या बघू." तेव्हा मिस्त्रीने मोटारीच्या पुढे रस्त्यातच बसकण मारली आणि सांगितले, "मग माझ्या अंगावरून न्या, म्हणजे दोन्ही खोळंबे एकदमच होतील." ती नळीही वाईट निघाली, आणि डॉक्टरांच्या नळीसारखीच तीही त्याने बदलली. ही हकीकत मला वरातवाल्याने स्वतः सांगितली आणि सांगताना त्याने दोनदा कानाला हात लावला. नवरी त्या मोटारीतून दुसऱ्या दिवशी सुखरूप गेली.

त्यानंतर पत्र्याचे छप्पर उतरवण्यात आले. दाऊद मिस्त्रीने पवनेच्या पलीकडे, थेरगावच्या बाजूला, एका चिंचेखाली फळी मांडली. तिथे मोठा रस्ता नाही. गाडीवाट आहे, आणि पावसाळ्यात तीही नसते. मोटार बिघडते ती मोठ्या रस्त्यावर, आणि ढकलत ढकलत नदीपार कोणी नेत नाही. कारखाने येत आहेत, पिंप्रीला तर रोज नवी चिमणी दिसते, मोटारी वाढत आहेत. आणि त्या मोटारींना हात लावणारा त्यांच्या वाटेपासून कोसभर आत बसला आहे. त्या जागेवर नंतर दोन मिस्त्री येऊन गेले. एकाने माझ्यासमक्ष एका मोटारीला बागेतल्या पाण्याची नळी लावली. मी हरकत घेतली, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही अर्ज लिहा, मामा."

मी त्याच्याकडे अधूनमधून जातो. हल्ली त्याची रीत बदलली आहे. पूर्वी तो जुडीतून एक तुकडा बुडवी. आता प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांच्या चकत्या कापतो, नळीला आणि तिच्या चकत्यांना एकाच रंगाचा दोरा बांधतो आणि मगच त्या बुडवितो. गिऱ्हाईक कंटाळते. एकदा मी म्हटले, "मिस्त्री, एवढी नळी तपासण्यातच निम्मी संपते."

तो म्हणाला, "नाना, उरलेली निम्मी तरी माझी असते."

माझ्या आयुष्यात मी शेकडो जबाब लिहिले. खरा जबाब देणारे पाहिले आणि खोटा देणारेही पाहिले. परंतु निर्दोष सुटल्यानंतर, कोणी मागितला नसताना, स्वतःविरुद्धचा पुरावा मागवून घेणारा इसम मी एकच पाहिला. त्याच्यासाठी मी लिहिलेला अलंकारिक जबाब त्याने खोडायला लावला, तो का, हे मला आता उमगते. त्यात मी त्याच्या सचोटीविषयी पुष्कळ लिहिले होते, आणि त्यातील एकही वाक्य तिसऱ्या बरणीइतके बोलके नव्हते.

खंडूशेठची मोटार पुन्हा चालू आहे. तिची नळी दाऊद मिस्त्रीनेच लावली. खंडूशेठ चाकणहून निघतो, नदीपर्यंत येतो, मोटार अलीकडे उभी करतो आणि मिस्त्रीला हत्यारांसह होडीतून घेऊन येतो. गेल्या महिन्यात तो माझ्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "नाना, मागल्या येळंला मी दुकान उठवा म्हनलो हुतो. आता मांडा म्हनतो. लिवा."

सबब विनंती अर्ज असा की,

सन्माननीय पंचायतीने दाऊद इमाम, मोटार मिस्त्री, यास रस्त्यालगतची पूर्वीची जागा पुन्हा द्यावी. पूर्वीच्या निकालाविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. कसूर झाली होती, आणि ती उजेडात आली ती प्रतिवादीने स्वतः आणून दाखविली म्हणून. पंचांवर सोडले असते तर तिसरी बरणी भरलीच गेली नसती, हे पंचनामा लिहिणारा या नात्याने मी प्रतिज्ञेवर सांगतो. या अर्जावर मूळ तक्रारदार खंडू विठोबा याचा अंगठा, दापोडीचे डॉक्टर व काळेवाडीचा वरातवाला यांच्या सह्या, आणि चंद्रभागाबाई यांचा अंगठा आहे. चंद्रभागाबाईंनी तो दोनदा उमटविला असून एक खोडण्यास नकार दिला आहे.

हा अर्ज पंचायतीकडे रीतसर दिला. उत्तर आले नाही. म्हणून तो येथे वाचकांच्या समक्ष दुसऱ्यांदा सादर करीत आहे. ज्याची चूक अद्याप कोणाच्या नजरेस आलेली नाही असा मिस्त्री गावाला हवा, की आपली चूक स्वतः पेट्रोलात बुडवून चावडीवर दाखविणारा हवा, याचा विचार व्हावा, आणि जो निर्णय होईल तो लेखी कळविण्याची मेहेरबानी व्हावी. आमच्या मोटारी तोपर्यंत नदीच्या अलीकडे उभ्या आहेत.